आरए बिल आलंय, सही करता का?

दिवाळी संपली की ठाण्यातल्या, विशेषतः नौपाड्यातल्या जुन्या इमारतींवर दुरुस्तीच्या परांच्या चढतात आणि सोसायटी कमिटीच्या टेबलावर आरए बिलं, म्हणजे काम चालू असताना ठेकेदार टप्प्याटप्प्याने देतो ती ‘रनिंग अकाउंट’ बिलं, येऊन पडतात. भिंतीला अजून हातोडी लागलेली नसते, खजिनदाराला मात्र लागलेली असते.

आम्हा कमिटीवाल्यांचा भाबडा हिशेब असा, की काम साठ लाखांचं, तर सहा महिने दहा-दहा लाख देऊ. असं लिहून देणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवावं. पैसे मोजलेल्या कामाचे द्यायचे, उलटलेल्या महिन्यांचे कसले?

दरांतही मेख असते. परांची आणि प्लास्टर तोडणं यांचे दर फुगवलेले, रंगाचा दर ‘खास तुमच्यासाठी’ पाडलेला. बेरीज सगळ्यांत कमी, म्हणून टेंडर त्यालाच. निम्म्या कामात त्याचा नफा घरी पोचतो आणि रंगाच्या वेळी माणसं गावाला जातात. म्हणून परांचीचे निम्मे पैसे ती उतरवल्यावरच द्यावेत.

खरा घोळ पॉलिमर मॉर्टरचा, म्हणजे गंजलेल्या सळईभोवतीचं खराब काँक्रीट काढून तिथे भरायच्या मसाल्याचा. टेंडरात अंदाज ५०० चौरस फूट. हातोडीने ठोकत गेलं की पोकळ आवाज १,२०० फुटांवर. यात दरवेळी लबाडी नसते, गंजलेली सळई बाहेरून कोणालाच दिसत नाही. पण मोजायचं ती उघडी असतानाच: पीएमसी (कामावर देखरेख करणारा सोसायटीचा सल्लागार) आणि ठेकेदार दोघांच्या सह्या, फ्लॅट नंबर, फोटो. वर प्लास्टर चढलं की मोजमाप हा श्रद्धेचा विषय. खिडक्यांची वजावट कशी करायची तेही आधी लिहून घ्यावं, नाहीतर बिलात काचांनाही प्लास्टर झालेलं असतं.

आता १० लाखांचं बिल घ्या. सुरुवातीच्या १० टक्के ॲडव्हान्सची वसुली १ लाख. रिटेन्शन, म्हणजे काम नीट निघेपर्यंत राखून ठेवायची रक्कम, ५ टक्के, ५० हजार. टीडीएस कंपनीला २ टक्के (एकट्या मालकाला १), पण ॲडव्हान्सवर तो आधीच कापलेला, म्हणून ९ लाखांवर १८ हजार. उरले ८ लाख ३२ हजार. खजिनदार खूश होतो न होतो तोच त्याच ९ लाखांवर १८ टक्के जीएसटी, १ लाख ६२ हजार! एवढं कापून चेक ९ लाख ९४ हजारांचा. हे जनरल बॉडीला समजावताना ज्याचा घसा बसत नाही त्याने पुढच्या वर्षी चेअरमन व्हावं.

रिटेन्शनचा अर्धा भाग काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर सुटतो, अर्धा दोषदायित्वाची मुदत (निघालेले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ) संपल्यावर. ही मुदत सहा महिन्यांची ठेवून ऑक्टोबरात सुरू केली, तर ती पाऊस न बघताच संपते. निदान एक अख्खा पावसाळा तिच्यात बसायला हवा. आणि गळती दिसली की पीएमसीला लेखी कळवा. जिन्यात गाठून सांगितलेली गळती कोणी बिलातून कापत नाही.