लुटलेल्या घरी पाहुणे म्हणून जाताना

कधीकाळी तुम्ही व्यापाराच्या निमित्तानं कुणाच्या घरात शिरला असाल, दोनेकशे वर्षं ठाण मांडून बसला असाल आणि निघण्याआधीच मौल्यवान सामान पुढे धाडलं असेल, तर आता त्या घरी कोणत्या तोंडानं जावं, याची काळजी नको. लंडनची शिकवणी लावा.

'माफी' जिभेवर येऊ देऊ नका. माफीमागोमाग बिल येतं. 2013 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून जालियनवाला बागेत गेले आणि तिथल्या वहीत 'अत्यंत लाजिरवाणी घटना' असं लिहून आले. 2019 मध्ये, हत्याकांडाला शंभर वर्षं भरताना, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला. लाज झाली, खेद झाला. दुसऱ्या शताब्दीसाठी काही शिल्लक ठेवायला नको?

कोहिनूरचा विषय निघालाच, तर हिरा इंग्रजांच्या हाती देणारा 1849 चा तह आणि पंजाबचा दहा वर्षांचा महाराजा दुलीपसिंग यांत शिरू नका. एकाला हो म्हटलं तर ब्रिटिश म्युझियम रिकामं होईल, असं कॅमेरून 2010 मध्येच म्हणून गेलेत. (हिरा त्या म्युझियममध्ये नाहीच, टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, पण इतका प्रांजळ कबुलीजबाब शोधून सापडायचा नाही.) धीर धरलात तर समोरचेच धावून येतात. 2016 मध्ये भारत सरकारच्याच वकिलांनी सुप्रीम कोर्टात सांगितलं, की हिरा चोरलेला नाही, जबरदस्तीनं नेलेलाही नाही.

फारच तगादा लागला तर वस्तू उसनी द्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं 2024 मध्ये वाघनखं साताऱ्याला धाडली, तीन वर्षांच्या बोलीवर. कायमची का नाही? वस्तू देऊन टाकायला 1983 चा कायदा आड येतो म्हणे. कायदा त्यांच्याच संसदेचा. हात बांधून घ्यायचे तर दोरी घरचीच वळावी. वर, महाराजांनी वापरलेली ती हीच, याची खात्री देता येत नाही, हेही सांगून ठेवायचं. मालकाचा आनंद आटोक्यात राहतो.

शिवाय 2025 च्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरचा भारताचा कर 150 टक्क्यांवरून 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलं. कंपनी सरकारला असल्या सवलतींसाठी फौज पोसावी लागायची.

साताऱ्याला काचेपुढच्या रांगेत माझ्या पुढच्या आजींनी हात जोडले आणि नातवाला विचारलं, "आलं ना रे परत एकदाचं?"

"नाही गं आजी, परत द्यायचंय."