गावाचा लेख एका ओळीत कसा उरकावा

विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशात आपल्या गावाची सेवा करायची आहे? बसा. चहा उकळायच्या आत काम होतं.

'अमुक हे महाराष्ट्राच्या तमुक जिल्ह्यातील एक गाव आहे.' झाला लेख. पुढच्या गावाकडे वळा. जिल्हा तपासू नका. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव त्या लेखात अजून भंडारा जिल्ह्यातच आहे. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला, पण इतक्या ताज्या बातमीची खात्री कोण करत बसेल? पुतणीनं 'माझे गाव' प्रकल्पात तेच उतरवलं. बाईंनी लाल शाईनं खोडलं. पोट्टी रडत आली, ''पण काका, नेटवर तसंच होतं ना जी!''

मथळे मात्र भरपूर द्या. हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा. खाली काही लिहू नका.

लिहायचंच झालं तर हवामान आल्हाददायक लिहा आणि मे महिन्यात इकडे फिरकू नका.

लोकसंख्या २०११ ची ठेवा. यात तुमचा दोष नाही, २०२१ ची जनगणना सरकारनंच वेळेवर केली नाही.

वर 'लेख अपूर्ण आहे, भर घाला' अशी पट्टी चिकटवा.

आणि कोणी खरंच भर घातली, तर लगेच उडवा. मी रात्री बसून आमच्या तलावाबद्दल लिहिलं. तुडुमातून, म्हणजे तलावाच्या पाणी सोडायच्या दारातून, पाटाला पाणी कसं सुटतं, पाणी वाटणारा पाणकर कोणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी पाणी देतो, ढिवरांची मासेमारी, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (सारा गोळा करणाऱ्यांची गावमालकी) गेली नि तलाव सरकारजमा झाले, सगळं. सकाळी सगळं गायब. कारण काय, तर 'संदर्भ नाही'. बरं बाप्पा! मग त्या एका ओळीला कोणता संदर्भ आहे? चुकीच्या जिल्ह्याला कोणता? वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कोहळी समाजाचं तलाव बांधायचं कसब रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या १९१६ सालच्या पुस्तकात छापलेलं आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला, हे इथं शेंबडं पोरगंही सांगतं. संदर्भ मागितला असता तर दिला असता. चर्चेचं पान असतं ना त्यासाठी? तिथं 'भाऊ, पुरावा जोडा' एवढं लिहायला बोटं झिजतात का? नाही, उडवणं सोपं. लिहिणारा पळाला, एक ओळ शाबूत, लेखांचा आकडाही शाबूत. मिरवा तो आकडा! अमरावतीत शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी वर्गणीदार गोळा करत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तेही संगणकाशिवाय. तुम्ही यंत्रानं पोकळ पानं पाडून राहिले.

हजार गावांची नावं ओतण्यापेक्षा दहा गावं नीट लिहा रे. आणि गावातल्या शिकलेल्यांनो, तुम्हीही हसू नका. डी.एड., बी.एड. करून रोज सकाळी फुलांचे सुप्रभात पाठवता, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर मंडपात बसता, पण पाणकर म्हातारा जिवंत आहे तोवर त्याच्याजवळ तासभर बसायला तुम्हाला सवड नाही. त्याचं तोंडी सांगणं ज्ञानकोशात चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग ते आधी दिवाळी अंकात, स्मरणिकेत, कुठंतरी छापून आणा. तालुक्याच्या वाचनालयात जाऊन जुनं गॅझेटिअर मागा. नसेल तर ग्रंथपालाशी भांडा. आणि फोटो टाकाल तर तलावाच्या पाळीचा (बांधाचा) टाका, पाळीवर उभं राहून काढलेला स्वतःचा नको. तुमचं थोबाड प्रेक्षणीय स्थळांत येत नाही.