एचपीव्ही लसीच्या मेसेजमध्ये एकच गोष्ट खरी आहे

शाळेत एचपीव्ही लसीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरच्या लसीचा, विषय निघाला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. ही लस घेऊन भारतात सात मुली दगावल्या. ती घेतली तर पुढे मूल होत नाही. जपानने ती बंद केली. आधी तीन डोस सांगायचे, आता एकच सांगतात, म्हणजे त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. स्वच्छता पाळणाऱ्या, चांगल्या घरातल्या मुलींना तिची गरज नाही. आणि कर्करोगाची तपासणी असताना लस कशाला? तेव्हा संमतीपत्रावर सही करू नका.

यातल्या पहिल्या वाक्याला एका खऱ्या घटनेचा आधार आहे. त्या आधारावरच बाकीची वाक्यं खपतात. म्हणून सुरुवात तिथून करू, आणि जरा सविस्तर.

सात मुलींचं काय झालं?

२००९ साली 'पाथ' या अमेरिकी संस्थेने आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सहभागाने दोन जिल्ह्यांत एक प्रकल्प सुरू केला. एक खम्मम, तेव्हा आंध्र प्रदेशात होता, आता तेलंगणात आहे. दुसरा गुजरातेतला वडोदरा. १० ते १४ वयाच्या जवळपास २४ हजार मुलींना लस टोचायची होती, खम्ममला गार्डासिल नावाची आणि वडोदऱ्याला सर्व्हारिक्स नावाची. पुढे मृत्यूंच्या बातम्या आल्या, गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवण्यात आलं. पाच मृत्यू आंध्रातले, दोन गुजरातेतले.

सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने एकेक मृत्यू तपासला. एक मुलगी खाणीच्या पाण्यात बुडाली होती. एकीला साप चावला होता. दोघींनी कीटकनाशक घेतलं होतं. एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींचं कारण तितकं स्पष्ट नव्हतं: एकीच्या बाबतीत बहुधा तीव्र ताप, दुसरीच्या बाबतीत मेंदूतल्या रक्तस्रावाचा संशय. लसीचा संबंध एकाही मृत्यूशी जोडता आला नाही. खेड्यापाड्यांतल्या २४ हजार मुलींवर कित्येक महिने नजर ठेवली तर काही मृत्यू दिसणारच, लस दिली तरी आणि नाही दिली तरी. 'लसीनंतर' आणि 'लसीमुळे' हे दोन वेगळे शब्द आहेत. (सर्पदंश, मलेरिया आणि घरात सहज हाती लागणारं कीटकनाशक, हीच तिथल्या मुलींच्या मृत्यूची खरी यादी होती. तिच्यावर एकही मेसेज फिरत नाही.)

पण 'सगळं खोटं' म्हणून हात झटकता येत नाहीत. त्या प्रकल्पात संमती घेताना गंभीर चुका झाल्या होत्या. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या गृहपालांच्या सह्या होत्या. आश्रमशाळांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या आईबापांना कोणी विचारलंच नव्हतं. लसीनंतर काही त्रास झाला तर तो तातडीने नोंदवण्याची व्यवस्थाही धड नव्हती. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मधल्या ७२व्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते.

म्हणजे दोष लस देण्याच्या पद्धतीत होता, कुपीतल्या द्रवात नव्हता. यातून पालकांनी घ्यायचा धडा 'सही करू नका' असा नाही. 'माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला सही करू देणार नाही' असा आहे. सहीआधी चार गोष्टी विचारा: लस कोणती, डोस किती आणि कधी, टोचल्यावर मुलीला किती वेळ बसवून ठेवणार, आणि रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा. चारही प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाली की सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा.

तीनवरून एक डोस कसा झाला?

याचं उत्तर त्याच एप्रिल २०१० मध्ये आहे, आणि ते मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसावं. त्या वेळी देशात दुसरा, पूर्णपणे वेगळा अभ्यास चालू होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा. त्याच्या केंद्रांत आपल्याकडची बार्शी आणि पुणे ही केंद्रंही होती. दोन डोस पुरतात की तीनच लागतात, हे १० ते १८ वयाच्या मुलींमध्ये तपासायचं होतं. खम्ममच्या गदारोळात यातलंही लसीकरण थांबलं. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, पण त्यांतल्या ४,९४९ जणींना एकच डोस मिळाला होता.

संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. दहा वर्षं पाठपुरावा केला. २०२१ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. बहुतेक गर्भाशयमुखाच्या कर्करोगांमागे असणाऱ्या, विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण मिळालं होतं. दोन आणि तीन डोसांचे आकडे ९३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फरक नाहीच म्हणा. पुढे केनियातल्या चाचणीतही एका डोसचा निकाल तसाच चांगला आला. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक किंवा दोन डोस चालतील असं जाहीर केलं. २१ च्या पुढे दोन, सहा महिन्यांच्या अंतराने. एचआयव्हीबाधित किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना किमान दोन, शक्यतो तीन.

खासगी डॉक्टर मात्र अजून वेष्टनावरचा आराखडा पाळतात: १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन, १५ पासून तीन. त्यामुळे दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली तर कोणी फसवत नाही. एकजण परवान्यावरचं सांगतो, दुसरा नंतर आलेल्या पुराव्यावरचं.

वंध्यत्व

याचं मूळ लसीतल्या पॉलिसॉर्बेट ८० नावाच्या पदार्थात आहे. गार्डासिलच्या एका डोसमध्ये तो ५० मायक्रोग्रॅम असतो, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. हाच पदार्थ आइस्क्रीममध्येही वापरतात. १९९३ च्या एका प्रयोगात नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या माद्यांना त्याची द्रावणं पोटात टोचली आणि त्यांच्या अंडाशयांत बदल दिसले. वजनाच्या हिशेबाने तिथली सर्वांत कमी मात्राही लसीतल्या मात्रेच्या हजारो पट होती. इतका फरक असेल तर तो प्रयोग लसीबद्दल काहीच सांगत नाही.

माणसांवरचा पुरावा वेगळा उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्यसेवेने जवळपास दोन लाख मुली-तरुणींच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांमध्ये अंडाशय अकाली निकामी होण्याचा धोका वाढलेला आढळला नाही.

मातृत्व खरोखर हिरावतो तो आजार. कर्करोगाच्या आधीच्या अवस्थेत गर्भाशयमुखाचा शंकूसारखा तुकडा काढावा लागला तर पुढच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो. कर्करोग झालाच तर बऱ्याचदा पिशवी काढावी लागते किंवा किरणोपचार द्यावे लागतात, आणि त्या किरणांत अंडाशयंही सापडतात.

जपान

जपानने लसीवर बंदी कधीच घातली नव्हती. मुलींना अंगदुखी आणि झटके येत असल्याच्या बातम्यांनंतर जून २०१३ मध्ये सरकारने घरोघरी शिफारशीची पत्रं पाठवणं थांबवलं, एवढंच. लस फुकट मिळतच होती. तरी लस घेणाऱ्या मुलींचं ७० टक्क्यांच्या आसपासचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली घसरलं. नागोया शहरात सुमारे ३० हजार मुलींकडून २४ लक्षणांची माहिती घेतली गेली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत फरक निघाला नाही. एप्रिल २०२२ पासून शिफारस पुन्हा सुरू झाली. मेसेज मात्र २०१३ मध्येच अडकलाय.

त्याच काळात स्वीडनने सोळा लाखांहून अधिक मुली-स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या. १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी होता. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत तो ८७ टक्क्यांनी घटला.

चांगल्या घरातल्या मुली

हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधातल्या त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. आंघोळीशी किंवा पाळीच्या स्वच्छतेशी त्याचा संबंध लावता येत नाही, आणि निरोधनेही तो पूर्ण अडत नाही. बाईचा आयुष्यभर एकच जोडीदार असला तरी त्या जोडीदाराचा भूतकाळ तिच्या हातात नसतो. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. जो टिकतो, तो १५-२० वर्षांनी कर्करोगापर्यंत पोहोचू शकतो.

'इतक्या लहान वयात कशाला?' याचंही उत्तर यातच आहे. आधीच झालेला संसर्ग लस काढू शकत नाही, म्हणून ती संसर्गाच्या कितीतरी आधी द्यायची. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर प्रतिपिंडंही जास्त बनवतं. लसीत विषाणू नसतोच. त्याच्या कवचातलं एकच प्रथिन असतं, बहुतेक लसींत यीस्टमध्ये तयार केलेलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅकही तशीच.

खरोखर काय बिघडतं?

दंड दुखतो, थोडा ताप येतो. सावध राहावं असा नेहमीचा प्रकार म्हणजे घेरी येणं. किशोरवयात सुईच्या नुसत्या भीतीने रक्तदाब घसरतो आणि मुलगी पडते. इजा होते ती डोकं आपटल्यामुळे. म्हणून मुलीला खाऊन यायला सांगा, बसवून टोचा आणि नंतर १५ मिनिटं बसवून ठेवा. टोचायची जागा रांगेच्या नजरेआड हवी, कारण एक पडलेली दिसली की मागे चारजणी पडतात. कोलंबियात कारमेन दे बोलिव्हर या गावी २०१४ मध्ये भीतीचं हे लोण शेकडो मुलींपर्यंत पोहोचलं होतं. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे दोन-तीनच्या घरात. तरी तिच्यावरचं अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन हाताशी हवंच. यीस्टची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधी सांगायचं. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

दुसरी चूक बर्फाची. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठली की त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि लस वाया जाते. फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक थेट कुपीला लागला की नेमकं हेच होतं. म्हणून तो आधी बाहेर ठेवायचा, वर घाम सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज येईपर्यंत. एवढी दक्षता नर्सबाई घेतात की नाही, हे मेसेजपेक्षा नक्कीच जास्त महत्त्वाचं.

तपासणी असताना लस कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर 'दोन्ही' असं आहे. लस सगळ्या प्रकारांच्या विषाणूंना थोपवत नाही, त्यामुळे लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी लागेलच. तपासणीची ताकद महाराष्ट्राने सिद्ध करून दाखवली आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी कधीतरी ही तपासणी केलेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. देशात या कर्करोगाने वर्षाला सुमारे ८० हजार बायका जातात.

तेव्हा शाळेतून संमतीपत्र घरी आलं की त्याच आठवड्यात आईनेही आरोग्य केंद्रात जावं. पाळी चालू नसताना जायचं. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाचा बोळा लावतात, एक मिनिट थांबतात आणि पांढरा चट्टा उमटतो का ते बघतात. भूल लागत नाही, टाका नाही, निकाल तिथल्या तिथे कळतो. चट्टा दिसला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. पुढची तपासणी करायची, एवढंच.