‘धावफलकवाल्या काकां’चं उत्तर

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांच्या (म्हणजे घटनेच्या प्रश्नांवर बसणाऱ्या पाच किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठांच्या) निकालांत बहुमतात कोण होतं आणि वेगळं मत कुणी दिलं, याचा तक्ता मी गेल्या आठवड्यात इथे टाकला होता. त्यावर ‘कायद्याचा विद्यार्थी, नाशिकरोड’ या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ती खाली जशीच्या तशी ठेवली आहे, एक अक्षर काढलेलं नाही. ज्यांना तेवढं खाली जायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्याकडे पीठं सारखी बदलतात, त्यामुळे अमेरिकेसारखा हिशोब इथे लागू पडत नाही, मराठा आरक्षणाची ओळ चुकली आहे, आणि मग हे वाक्य: “काका, न्यायमूर्ती म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीतलं पॅनेल नव्हे, कोण कुणाबरोबर ते मोजत बसायला. निकाल वाचायचा असतो, धावफलक नाही.”

आधी चूक कबूल करतो, म्हणजे हेकट असल्याचा शिक्का नको. मराठा आरक्षणाच्या ५ मे २०२१ च्या निकालापुढे मी ‘३-२’ लिहिलं होतं. आरक्षण रद्द करण्याबाबत पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. तीन विरुद्ध दोन झालं ते १०२ व्या घटनादुरुस्तीच्या अर्थावरून. मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार शाबूत आहे, असं न्या. भूषण आणि न्या. नझीर म्हणाले; तो गेला, असं न्या. नागेश्वर राव, न्या. गुप्ता आणि न्या. भट म्हणाले. (त्याच वर्षी संसदेनं १०५ वी दुरुस्ती करून तो राज्यांना परत दिला, ते सोडा.) एका ओळीची किरकोळ गफलत. तुम्ही तिच्यावर सात ओळी खर्ची घातल्यात. असो.

आता ‘काका’. या शब्दाचा मला राग नाही. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर रिक्षावालाही काकाच म्हणतो, आणि तो निदान बसवून घेतो. तुमचा काका मात्र ‘तुम्ही गप्प पडून राहा’ या चालीवरचा आहे. आणि त्याला चिकटून लगेच ‘मोजत बसायला’. बसायला! जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं स्टेनो म्हणून मी बसलोच होतो, बाळा. (हे ‘बाळा’ तुम्हाला कसं वाटलं? तसंच मला ‘काका’ वाटलं.) सुरुवातीला टाइपरायटर, तीन कार्बन, आणि खाडाखोड झाली की अख्खं पान परत. किती निकालपत्रं या बोटांखालून गेली, त्याचा हिशोब मीही ठेवला नाही. आमच्याकडे एकच साहेब, तिथे कुठला मतभेद, असं तुम्ही म्हणाल. आदल्या दिवशी सांगितलेला परिच्छेद दुसऱ्या दिवशी ‘तो काढा’ म्हणून खोडायला लावणारे साहेब मी पाहिलेत. माणूस स्वतःशीच १-१ असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला निकाल द्यायचा असतो. निकाल वाचायचा असतो हे मला तुमच्याकडून शिकायचं होतं का?

राहता राहिलं मोजणं. ते मी सुरू केलेलं नाही. घटनेचं १४५ वं कलम काढा, त्यातलं पाचवं उपकलम. हजर न्यायमूर्तींच्या बहुमताच्या सहमतीशिवाय सर्वोच्च न्यायालयाला निकाल देता येत नाही. आणि ज्याला ते पटलेलं नाही, त्याला आपलं वेगळं निकालपत्र द्यायची मुभा आहे. डोकी मोजल्याशिवाय बहुमत कसं कळणार, हे एकदा नाशिकरोडहून कळवा.

आणि मोजण्याचा नाद कुणाकुणाला होता तेही बघा. २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती खटला. तेरा न्यायमूर्ती, अकरा निकालपत्रं, सात विरुद्ध सहा. घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेला हात लावता येणार नाही, असं सातांनी ठरवलं. सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होत होते. त्यांच्यानंतर ज्येष्ठतेनं पहिले तिघे शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर, तिघंही त्या सातांतले. दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं की सरन्यायाधीश होणार न्या. रे, सहांतले. तिघांनी राजीनामे दिले. त्या दिवशी दिल्लीत कुणी धावफलक बघितला नव्हता म्हणता?

दुसरा प्रसंग घरातला आहे. लिहिणार नव्हतो, पण तुम्ही ‘पॅनेल’ म्हणालात. एप्रिल १९७६. मी पंधरा वर्षांचा. मामा मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय तुरुंगात ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत होता. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की आणीबाणीतसुद्धा अटक झालेल्याला कोर्टाची दाद मागता येते, म्हणून आमच्या पंचवटीतल्या वाड्यात सगळे आशा धरून होते. २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: दाद मागता येणार नाही. शेजारचे अण्णा पेपर घेऊन आले आणि म्हणाले, चार जणांनी नाही म्हटलं. आईनं विचारलं, पाचवा कोण? अण्णांनी चष्मा लावून नाव शोधलं. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. तिनं किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: ४-१, खन्ना. मामा त्यामुळे काही सुटला नाही, पुढच्या वर्षीच आला. पण ती वही माझ्याकडे आहे. तुमच्या भाषेत तोही धावफलकच की.

त्या पाचांतले चौघे १९७३ च्या तेरांतही होते. रे, बेग आणि चंद्रचूड तेव्हाही एका बाजूला, खन्ना तेव्हाही दुसऱ्या. पाचवे न्या. भगवती नंतर आलेले. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची पाळी असताना सरन्यायाधीश झाले बेग, आणि खन्नांनी राजीनामा दिला. आता हे सगळं योगायोग म्हणून सोडून द्यायचं असेल तर खुशाल द्या. आणि हाच तक्ता चंद्रचूड सरकलेलेही दाखवतो. १९७३ ला सहांत असलेल्या यशवंतराव चंद्रचूडांनीच १९८० मध्ये सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्समध्ये मूलभूत चौकटीच्या बाजूनं बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचा १९७६ चा निकाल २०१७ मध्ये खोडला गेला तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून, आणि त्या पीठावर त्यांचा मुलगा होता. हे रकाने भरताना माझा चहा गार झाला होता. तुम्हाला त्यात नुसते आकडे दिसले, हा दोष तक्त्याचा कसा?

तुमचे बाकीचे मुद्दे: अमेरिकेत नऊच्या नऊ एकत्र बसतात, इथे बहुतेक कामं दोघातिघांपुढे चालतात, कुणाला कुठल्या पीठावर बसवायचं ते सरन्यायाधीश ठरवतात, म्हणून कोण कुणाबरोबर हे आधीच ठरलेलं असतं. ठीक आहे, ऐकलं. मग ७ नोव्हेंबर २०२२ ला, कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, सरन्यायाधीश लळीत आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाच्या निकालात अल्पमतातल्या दोघांत कसे आणि तिघं दुसरीकडे कसे? यावर सविस्तर पुन्हा कधीतरी. प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायला मी काही तुमचा गाइड नाही.

तक्त्यातली मराठा आरक्षणाची ओळ आज सकाळी दुरुस्त केली. आता तिथे दोन ओळी आहेत, एक ‘५-०’ आणि एक ‘३-२’. केशवानंदच्या ओळीतही असंच काही फोडावं लागेल का, ते बघतोय. शेजारी ‘चूक दाखवल्याबद्दल आभार’ म्हणून तुमचं नाव टाकणार होतो, पण तुम्ही नावच दिलेलं नाही.