मिणमिणतं काही आहे का?

पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला रात्री तीनला आपोआप जाग येते. मला येते. पलंगापासून बाथरूमपर्यंत अकरा पावलं, ती मी मोजलेली आहेत. वाटेत कपडे वाळत घालायचा स्टँड, हॉलमध्ये गादी टाकून झोपलेली लेक, तिचा जमिनीवर पडलेला चार्जर आणि शेवटी बाथरूमचा उंबरा. या उंबऱ्यानं माझ्या उजव्या करंगळीशी जन्माचं वैर धरलंय.

झिरोचा बल्ब लावा की, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या सौ.ला अंधारात झोप लागते, आणि अंधार म्हणजे अंधार. एसीवरच्या हिरव्या ठिपक्यावरसुद्धा तिनं चिकटपट्टी लावलीय. त्यातून जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, खायचा पंधराएक वॉट.

म्हणून मी मोबाईलची बॅटरी लावायला लागलो. (दुकानात त्याला टॉर्च म्हणतात, पुस्तकात विजेरी. घरात बॅटरीच.) तिसऱ्या रात्री पांघरुणातून आवाज आला, "अहो, बाथरूमला जाताय की धाड टाकताय?"

तिचं चूक नव्हतं. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्या वेळात डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य हळूहळू साठतं, दही लागावं तसं. आणि ऐन लागत आलेल्या दह्याचं भांडं कुणी गदागदा हलवावं, तसा तो मोबाईलचा पांढराफेक प्रकाश. बाथरूमपर्यंत सगळं लख्ख दिसतं. परत येताना बॅटरी बंद केली की डोळ्यांपुढे नुसते हिरवे-जांभळे गोळे. करंगळी दर वेळी परतीच्या वाटेवरच आपटते, हे यामुळे.

तेव्हा ठरवलं, खिशात मावेल अशी अगदी मंद बॅटरी घ्यायची. शनिवारी मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ, गाठली.

"किती लांबची पाहिजे?" दुकानदारानं विचारलं.

"अकरा पावलं."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, मग काउंटरवर एक काळीभोर वस्तू ठेवली. "हजार ल्युमेन! समोरच्या बिल्डिंगवर मारून बघा." मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं मारली. भर दुपारी समोरच्या चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली.

ल्युमेन हे उजेडाचं माप. एक मेणबत्ती साधारण बारा-तेरा ल्युमेन देते. म्हणजे या गृहस्थाच्या मते मी लघवीला सत्तर-ऐंशी मेणबत्त्या पेटवून जावं. मला हवा होता एक ल्युमेन. अर्धा असला तरी आनंद.

"साहेब, मंद?" तो आतल्या पोराला ओरडला, "अरे, तो खराब पीस परत आलेला ना, तो आण!" तोही दोनशे ल्युमेनचा निघाला. नुसता मध्येच बंद पडायचा.

पुढच्या दोन दुकानांत मला अनुक्रमे 'वॉचमनसाठी पाहिजे का' आणि 'शेतावर डुक्कर येतात का' असं विचारलं. डुक्कर नाही, बायको उठते, हे कुठल्या तोंडानं सांगणार? कमी उजेड मागणारं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलात जाऊन पाणीदार आमटी मागणारा माणूस. त्याला देतील, पण चांगलं समजणार नाहीत.

शेवटी ऑनलाईन मिळाली. करंगळीएवढी, आणि तिच्यात चक्क 'मूनलाईट' नावाची सोय, अर्ध्या ल्युमेनची! पहिल्या रात्री मी जवळजवळ नाचत बाथरूमला गेलो. मेख होती बटणात. दाबून धरलं तर चांदणं, एकदा दाबलं तर पूर्ण उजेड, दोनदा दाबलं तर त्याहून पूर्ण, तीनदा दाबलं तर लखलखाट. दुपारी चारला हे सोपं वाटतं. रात्री तीनला अर्धवट झोपेत बोट कधी घसरतं आणि किती वेळा दाबलं जातं याचा हिशेब कोण ठेवणार? पाचव्या रात्री आमची बेडरूम वरातीतल्या डीजेसारखी चमकायला लागली. लेक किंचाळली. घाबरून मी बॅटरी खिडकीकडे वळवली, तर खालून वॉचमननं शिट्टी मारली. सौ. काही बोलली नाही. फक्त उठून बसली. ते जास्त वाईट.

बॅटरीच्या काचेवर बोट दाबून धरायचा प्रयोगही झाला. बोटातून तांबडा उजेड झिरपतो, आणि अंधारात बघणाऱ्या पेशींना तांबड्याचा त्रास जवळजवळ होत नाही, त्यामुळे युक्ती शास्त्रशुद्ध आहे. पण नाडी एका हाताला, बॅटरी दुसऱ्या हाताला, अन् कडी लावायला तिसरा हात नाही.

मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर वडिलांची जुनी दोन मोठ्या सेलची, पिवळ्या बल्बची बॅटरी सापडली. सहज बटण सरकवलं. सेल मरणपंथाला लागलेले. विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस उजेड पडला. उंबरा दिसला, लेकीचा चार्जर दिसला, आणि सौ. घोरत राहिली. गावी असे सेल आम्ही उन्हात ठेवायचो, जरा जीव धरावा म्हणून. आता मला नेमके तसलेच हवे होते, मुळात जीव नसलेले.

दोन आठवड्यांत ते सेल वारले. नवे घातले तर पुन्हा धाड. तेव्हापासून मी मेल्यात जमा झालेल्या सेलच्या शोधात असतो. सर्वांत उत्तम स्थळ म्हणजे गॅस गिझर. त्याला असेच दोन मोठे सेल लागतात, आणि नुसतं टिकटिक होऊन गिझर पेटेनासा झाला की ते सेल माझ्या दृष्टीनं ऐन लग्नाच्या वयाचे. सोसायटीत मी आता लोकांना तब्येत विचारत नाही, गिझर पेटतो का विचारतो. एक मल्टिमीटरही आणलाय. नवा सेल दीड व्होल्टचा, 1.1 च्या आसपास आला की मी जोडी जुळवतो. लेकीच्या मते हे उपचार करून घेण्यासारखं लक्षण आहे.

परवा रात्री आख्ख्या बिल्डिंगचे दिवे गेले. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

"भाऊ, बॅटरी आहे का हो तुमच्याकडे? यांचा चष्मा सापडत नाहीये."

मी अभिमानानं माझी बॅटरी आणली, बटण सरकवलं आणि काकूंच्या पायाशी धरली. काकू थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"लावा ना," त्या म्हणाल्या.