कंपाउंडरच्या हातची रहस्यकथा

आमचे अण्णा तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. लाल मिक्श्चरच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवणं, खलात मलम घोटणं, पुड्या बांधणं हे सगळं मी लहानपणी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून पाहिलंय. दवाखान्यात एक कपाट कायम कुलूपबंद असायचं आणि त्याची किल्ली अण्णा कुणाच्या हातात देत नसत. "ह्यातलं सगळं औषधच आहे, पण मापात असेल तरच," एवढंच सांगायचे.

हे आठवायचं कारण म्हणजे गेले तीन महिने मी इंग्रजी लेखिका एलिस पीटर्सच्या ब्रदर कॅडफेल या रहस्यकथा-मालिकेतली पुस्तकं ओळीने पुन्हा वाचली. वीस कादंबऱ्या, 1977 ते 1994 या सतरा वर्षांत लिहिलेल्या. एलिस पीटर्स हे टोपणनाव, त्यातलं एलिस हे त्यांच्या भावाचं नाव. बाईंचं खरं नाव एडिथ पार्जेटर. जन्म 1913 चा, वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या श्रॉपशर परगण्यातला. त्या कॉलेजात गेल्या नाहीत. शाळा संपल्यावर 1933 ते 1940 अशी सात वर्षं त्यांनी औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून काम केलं. आपल्या भाषेत कंपाउंडरच की! पहिली कादंबरी 1936 ची, म्हणजे याच नोकरीच्या काळातली.

बाईंच्या लेखनाबद्दल लिहिणारे बहुतेक लोक हा दुकानाचा काळ एका ओळीत उरकतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. कारण कॅडफेल कोण आहे? बाराव्या शतकातल्या श्रूझबरीच्या बेनेडिक्टाइन मठातला, साठीकडे झुकलेला, वेल्श वंशाचा धर्मबंधू. तरुणपणी धर्मयुद्धात लढला, पूर्वेकडच्या देशांत वर्षानुवर्षं राहिला, समुद्रावर भटकला आणि चाळिशी उलटल्यावर मठात आला. मठात त्याच्याकडे वनौषधींची बाग आणि तिथली लाकडी खोपी आहे. छताला सुकत टांगलेल्या जुड्या, मंद आचेवर शिजणारे काढे, खसखशीच्या बोंडांचं झोप आणणारं सरबत. ही खोपी वाचताना मला आमच्या दवाखान्याचा वास येतो. औषधं स्वतःच्या हातांनी मोजून दिलेल्या माणसालाच ती अशी लिहिता येते.

मालिकेतली तिसरी कादंबरी 'मंक्स हुड' घ्या. नाव एका झाडाचं, आपल्या बचनागाच्या जातीचं. सांधेदुखीवर चोळायला कॅडफेलने त्याच्या मुळ्यांचं तेल करून ठेवलंय, आणि तेच तेल कुणीतरी एका माणसाच्या जेवणात कालवतं. म्हणजे खुनाचं हत्यार कॅडफेलनेच, दुसऱ्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून बनवलेलं आहे. या धक्क्यातून तो पुस्तकभर सावरत नाही. गुन्ह्यामागचं कारणही साधं नाही. एक जहागीर आहे, तिला इंग्रजी कायदा लावायचा की वेल्श, यावर तिचा वारस ठरतो. लग्नाबाहेर झालेल्या मुलाला वेल्श कायदा बापाच्या जमिनीत वाटा देतो, इंग्रजी कायदा देत नाही. गुन्हेगार सापडल्यावर कॅडफेल त्याच्याबाबतीत जे ठरवतो ते कायद्याच्या चौकटीत बसणारं नाही. काय ते सांगत नाही, वाचा. मी ते पान वाचून पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते.

या पुस्तकांना 'हलकंफुलकं' म्हणतात, पावसात चहाबरोबर वाचायच्या रहस्यकथा म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो. असं म्हणणाऱ्यांनी 'वन कॉर्प्स टू मेनी' नीट वाचलेली नाही. हा काळ इंग्लंडमधल्या यादवीचा. पहिला हेन्री 1135 मध्ये वारला आणि गादीसाठी त्याची मुलगी मॉड आणि भाचा स्टीफन यांच्यात जुंपली. 1138 च्या उन्हाळ्यात स्टीफनने श्रूझबरीचा किल्ला घेतला आणि आत सापडलेल्या शिबंदीला फासावर चढवलं. हा इतिहास आहे. कादंबरीत या मृतांचा आकडा चौऱ्याण्णव. कॅडफेल मठातर्फे त्या देहांचे अंत्यसंस्कार करायला जातो, मोजतो, आणि ते भरतात पंचाण्णव. एकाच्या गळ्यावरचा वळ फाशीच्या दोराचा नाही.

चौऱ्याण्णव माणसं राजाज्ञेने मेली, त्याची चौकशी होणार नाही. मग एका जास्तीच्या प्रेताचं कुणाला काय पडलंय? कॅडफेलला पडलंय. तो राजाच्याच माणसांसमोर हा प्रश्न उभा करतो. एखादा मृत्यू गर्दीत खपून जाऊ द्यायचा नाही, हा हट्ट हलकाफुलका कसा म्हणायचा?

हे दुसरं महायुद्ध पाहिलेल्या बाईचं लेखन आहे. दुकान सोडून त्या महिलांच्या नौदल सेवेत गेल्या, लिव्हरपूलला टेलिप्रिंटरवर बसल्या. अटलांटिकमधल्या जहाजांच्या ताफ्यांची सूत्रं तिथून हलत होती. 1944 मध्ये त्या कामाबद्दल त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. युद्धानंतर त्या चेकोस्लोव्हाकियात जाऊन आल्या, चेक भाषा शिकल्या आणि यान नेरुदा, बोहुमिल ह्राबल यांचे अनुवाद केले. दोन ताकदींच्या मधे सापडलेल्या लहान देशाबद्दलचा जिव्हाळा त्यांच्या वेल्सच्या चित्रणातही आहे, असं मला वाटतं.

कॅडफेल जन्मला तेव्हा बाईंची साठी उलटली होती. त्याआधीपासून इन्स्पेक्टर फेल्सची मालिका चालू होती, तिच्यातल्या एका कादंबरीला 1963 मध्ये एडगर पुरस्कारही मिळाला होता. (त्या मालिकेतल्या दोन कादंबऱ्या भारतात घडतात, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.) खऱ्या नावाने लिहिलेल्या जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या वेगळ्याच. जाणकार मंडळी त्यांनाच बाईंचं 'खरं' काम मानतात. 'हेवन ट्री' ही त्रयी मीही वाचली आहे, आवडलीही. पण इतिहास, औषधं, वेल्स, युद्ध हे सगळं एका जागी आलं ते रहस्यकथेत.

पहिल्याच 'अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स'मध्ये हे दिसतं. श्रूझबरीच्या मठाने वेल्समधल्या ग्वीदेरिन गावातून संत विनिफ्रेडच्या अस्थी आणल्या, ही नोंद असलेली घटना. त्या आणणारा रॉबर्ट हा मठातला अधिकारीसुद्धा खराच, त्याने संतिणीचं चरित्रही लिहिलं. बाईंनी इतिहासातलं एक अक्षर खोडलं नाही. फक्त त्या प्रवासात काय काय घडलं असेल, याची गोष्ट रचली आणि इतिहासाच्या पोटात एक गुपित ठेवून दिलं. ते गुपित पुढच्या पुस्तकांतही कॅडफेलबरोबर राहतं.

डेरेक जेकबी या नटाने कॅडफेल साकारलेली टीव्ही मालिका बऱ्याच जणांनी पाहिली असेल. जेकबी उत्तमच, पण तेरा भागांत ती खोपी नीट भेटत नाही.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी 'वन कॉर्प्स टू मेनी' सांगते, पहिली नंतर वाचली तरी चालते. 'ब्रदर कॅडफेल्स पेनन्स' मात्र शेवटीच. 1994 ची, बाई पुढच्याच वर्षी गेल्या. त्यात कॅडफेलचा मुलगा शत्रूच्या कैदेत आहे. होय, त्याला मुलगा आहे, फार वर्षांनी कळलेला. त्याला शोधायला हा म्हातारा मठाची आज्ञा मोडून बाहेर पडतो. इतकी वर्षं सांभाळलेलं व्रत जाणूनबुजून मोडतो. परत येतो तेव्हा आपल्याला आत घेतील की नाही, त्याला माहीत नसतं. चर्चच्या थंड फरशीवर तो पालथा पडून राहतो. मठाधिपती येतात आणि त्याला म्हणतात, पुरे झालं, ऊठ आता, आत चल भावांबरोबर.