वॅट बघून वीजबिल ठरत नाही

‘एअर फ्रायर १५०० वॅटचा, म्हणजे वीज खाणारच’ हे एअर फ्रायरवरच्या एका लेखातलं वाक्य पटलं नाही. वॅट हा वीज वापरण्याचा वेग झाला. बिल येतं ते वॅट गुणिले वेळ यावर. १५०० वॅट सलग २० मिनिटं चालले तरी अर्धा युनिट. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण ठरलेलं तापमान गाठलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद-चालू करत राहतो. मोठा ओव्हन नुसता तापायलाच दहा-पंधरा मिनिटं घेतो, तेही आत काही न ठेवता.

खरा घोळ बास्केट भरण्यात होतो. तुकडे एकावर एक रचले की गरम हवा मधे शिरत नाही. वरचे करपतात, खालचे वाफेने मऊ पडतात आणि मग आणखी दहा मिनिटं लावावी लागतात. एकच थर, मधे बोटभर जागा, अर्ध्या वेळेला एकदा हलवणं, बस्स. तळाची भोकं पूर्ण झाकणारा कागद टाकू नका (रिकाम्या बास्केटमध्ये तर मुळीच नको, उडून कॉइलला चिकटतो). दर दोन मिनिटांनी ड्रॉवर उघडून बघायची सवयही महागात पडते. शेवटची दोन मिनिटं मशीन बंद करून ड्रॉवर तसाच ठेवला तरी उरलेल्या उष्णतेत काम होतं. मात्र जेवणारे सहा-सात असतील आणि तीन खेपा लागणार असतील, तर ओव्हनचा एकच ट्रे परवडतो. आणि वाटीभर उरलेलं गरम करायला मायक्रोवेव्हच बरा.